स्वयंपाकघरातील सान्निध्य

मत्तयाच्या शुभवर्तमानाची अखेर सोबतीच्या आश्वासनाने होते. शिष्यांचे दुःख टळेल, असे ते आश्वासन सांगत नाही. सोबत सुटणार नाही, एवढेच सांगते. एवढ्याने दुःखी मनुष्याचे समाधान होते काय? सतराव्या शतकात पॅरिसमध्ये होऊन गेलेल्या एका मठवासी आचाऱ्याचे जीवन या प्रश्नाचे उत्तर देते.

लॉरेन प्रांतातील गरीब घरात जन्मलेला निकोलस हर्मन सैन्यात असताना जखमी झाला आणि त्याच्या पायास कायमचे अधूपण आले. १६४० साली तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला. तेथे त्याला ब्रदर लॉरेन्स हे नाव मिळाले आणि वाट्यास आले ते मुदपाकखाना! या कामाचा त्याला मूळचाच तिटकारा. तरीही सुमारे पंधरा वर्षे त्याने ते निष्ठेने केले. भांड्यांचा खणखणाट चालू असे, एकाच वेळी अनेकजण काही ना काही मागत असत. आणि त्या गडबडीतही तो ईश्वराशी मनोमन बोलत राही. प्रार्थनेची वेळ निराळी व कामाची निराळी, हा भेदच त्याने मानला नाही. हातून चूक घडली, तर ती ईश्वरापुढे कबूल करून, खंत करीत न बसता, तो पुन्हा कामास लागे.

ही शांती मात्र त्याला आयती लाभली नव्हती. पहिली दहा वर्षे त्याने तीव्र मनःक्लेशांत घालविली. आपला उद्धार होणार नाही, या भयाने त्याला ग्रासले होते. पुढे, हे क्लेश जन्मभर सोसावे लागले तरी ईश्वराची सेवा सोडावयाची नाही, असा त्याच्या मनाचा निश्चय झाला. आणि मग एकाएकी त्याचे अंतःकरण शांत झाले.

१६९१ मध्ये तो निवर्तला. त्यानंतर जोसेफ द बोफोर या धर्मोपदेशकाने त्याची पत्रे व संभाषणे प्रसिद्ध केली. कॅथलिकांप्रमाणेच प्रॉटेस्टंटांनीही ती आवडीने वाचली. व्याधिग्रस्तास लिहिलेल्या एका पत्रात तो स्पष्टच कळवितो, की आपण वेदनामुक्तीसाठी नव्हे, तर वेदना सोसण्याच्या बळासाठी प्रार्थना करीत आहोत. वरवर पाहता हे शब्द कठोर वाटतात. परंतु ज्याचे दुखणे बरे होण्याजोगे नाही, त्याला बरे होण्याची खोटी आशा किती काळ पुरणार? ईश्वर आपल्या उशाशी आहे, ही श्रद्धा मात्र त्याला शेवटच्या रात्रीपर्यंत पुरते.