डिझेलचा कर आणि खलाशाचा वाटा
(चेन्नई येथील भाषण)



काल आम्ही काशिमेडू बंदरात फिरलो. ससून डॉकसारखाच वास, बर्फाची तीच घाई! जिथे वाट्यावर काम चालते तिथे हिशेबही सारखाच. विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा होते. उरेल त्यातून मालकाचा आणि खलाशांचा वाटा निघतो. म्हणजे पावती मालकाच्या नावाची असली तरी डिझेलवरचा कर खलाशाच्याही पदरातून जातो.

इथे यांत्रिक बोटीला विक्रीकरमुक्त डिझेल मिळते. वर्षाला १८,००० लिटरची मर्यादा १९,००० करण्याची घोषणा २०२३ साली झाली. कर पंपावरच सुटतो. महाराष्ट्रात मात्र आधी पूर्ण दर मोजायचा आणि मग सोसायटीमार्फत परताव्याची वाट पाहायची. तो रखडतो. तोवर हंगाम सरतो, खलाशी गावी जातो आणि त्याच्या वाट्यातून गेलेले पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. सारेच मालक लबाड नव्हेत. कित्येक जण स्वतःच व्यापाऱ्याच्या उचलीत बुडालेले आहेत. पण खलाशाचे पैसे बुडतात ते बुडतातच.

मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागले, तेव्हा घाऊक खरेदी करणाऱ्या मच्छीमार सोसायट्याही त्यात भरडल्या गेल्या.

डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यावरचा विक्रीकर राज्याच्या हाती आहे. म्हणून आमची मागणी राज्य सरकारकडे आहे : महाराष्ट्रातही कर पंपावरच सोडा. आणि मालकांकडे : फेरीच्या हिशेबात डिझेल सवलतीच्याच दराने धरा, पावती तांडेलासमोर आणि खलाशांसमोर ठेवा.