जनुक-संपादन : मालकी कोणाची, निर्णय कोणाचा?



विज्ञानाच्या प्रत्येक मोठ्या शोधाबरोबर दोन प्रश्न जन्माला येतात. तो शोध काय करू शकतो, हा पहिला. आणि तो कोणाच्या हाती राहील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देते, दुसऱ्याचे समाजरचना. जनुक-संपादनाची चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नाभोवतीच घुटमळते आणि दुसरा प्रश्न नीतिशास्त्राच्या परिसंवादांपुरता उरतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे. त्याची कसोटी पाहावयाची तर सिकलसेल या व्याधीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा आजार महाराष्ट्राला परका नाही. सातपुड्यातील भिल्ल व पावरा, गडचिरोलीतील माडिया, विदर्भातील परधान आणि तेथीलच काही दलित व मागास जाती यांच्यात तो पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकात केवळ एका अक्षराचा बदल झालेला असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदनांचे झटके येतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. लिनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ सालीच या रोगाचे कारण रेणूच्या पातळीवर दाखवून दिले होते. तथापि अमेरिकेत हा मुख्यत्वे कृष्णवर्णीयांचा आणि भारतात मुख्यत्वे आदिवासींचा आजार. दारिद्र्याच्या वाट्याला आलेल्या रोगांकडे संशोधनाचा पैसा सावकाशीनेच वळतो.

जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांनी २०१२ मध्ये ‘क्रिस्पर’ या तंत्राची दिशा दाखविली. २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाणू विषाणूंशी लढताना जी यंत्रणा वापरतात, तिच्याच साहाय्याने जनुकसूत्र हव्या त्या ठिकाणी कापता येऊ लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने या तंत्रावर आधारलेल्या ‘कॅसजेव्ही’ या सिकलसेलवरील उपचारास मान्यता दिली. यात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हावे अशी दुरुस्ती त्यांत केली जाते आणि त्या पुन्हा शरीरात सोडल्या जातात. अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांची निष्पत्ती तपासता आली, त्यांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही.

हे यश निःसंशय मोठे आहे. निसर्गाच्या किंवा ईश्वराच्या योजनेत ढवळाढवळ नको, असा आक्षेप देवीच्या लसीलाही घेतला गेला होता. वेदनेने तळमळणाऱ्या मुलाच्या आईला असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आक्षेप घ्यावयाचा तो दुसरीकडे. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये ठेवण्यात आली. धडगाव वा भामरागडच्या शेतमजुराने किती जन्म राबावे म्हणजे ही रक्कम उभी राहील?

किंमत ही पर्जन्यमानासारखी नैसर्गिक गोष्ट नाही. या तंत्राचा पाया सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांतूनही घातला गेला. जोखमीच्या पहिल्या टप्प्यात समाजाचा पैसा आणि नफ्याच्या अखेरच्या टप्प्यात खाजगी एकस्व, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवर उत्पादन-पेटंट नाकारले, म्हणूनच येथील औषध उद्योग उभा राहिला व औषधे स्वस्त झाली. जागतिक व्यापार करारापायी २००५ मध्ये ते संरक्षण सोडावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेलवरील देशी क्रिस्पर उपचाराची घोषणा केली. तो सार्वजनिक प्रयोगशाळेत विकसित झाला असून उत्पादनासाठी तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले. त्याला बिरसा मुंडा यांचे नाव दिले गेले, हे उचितच झाले. परंतु नाव देणे सोपे असते. बिरसांच्या लेकरांना तो उपचार मिळेल अशा अटी करारात घालणे, आणि त्या अटी जनतेसमोर मांडणे, हे अवघड असते. सरकारची परीक्षा तेथे आहे.

उपचार उद्या फुकट झाला तरी प्रश्न संपत नाही. त्यासाठी तीव्र केमोथेरपी लागते, प्रजननक्षमतेला धोका संभवतो आणि सुसज्ज रुग्णालयात अनेक आठवडे राहावे लागते. दुसरीकडे वेदनेचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी अल्प किमतीत मिळू शकते. नवजात बालकाची रक्ततपासणीही महाग नाही. ही गोळी, ही तपासणी आणि वेळेवर मिळणारी रक्ताची पिशवी ज्या आरोग्यकेंद्रात असेल, त्याच केंद्रातून पुढच्या उपचाराची वाट निघेल. तेच केंद्र बंद असेल, तर जनुक-संपादनाची गोष्ट केवळ शहरांतील वर्तमानपत्रांसाठी राहील.

आता निर्णयाचा प्रश्न. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी आणि प्रत्येकाला त्याची जनुकीय स्थिती दर्शविणारे कार्ड, ही त्याची योजना. तपासणी हवीच. पण कार्ड रुग्णाच्या सेवेसाठी की विवाहाच्या बाजारात मुलीची किंमत ठरविण्यासाठी, हे कागदावर ठरत नाही. खुद्द पॉलिंग यांनी १९६८ मध्ये वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी अशी सूचना केली होती. अण्वस्त्रांविरुद्ध झगडलेल्या माणसाने ती केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिवाय याच जनुकाची एकच प्रत असेल तर ती हिवतापापासून संरक्षण देते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. म्हणजे ‘वाईट जनुक’ ही संज्ञाच परिस्थितीसापेक्ष ठरते. रोगाचे निर्मूलन आणि रोग्याचे निर्मूलन यांतील सीमारेषा पुसट झाली की काय होते, हे इतिहासाने दाखविले आहे.

१९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांचे निर्बीजीकरण झाले. हा केवळ हुकूमशाहीचा दोष म्हणून सुटका नाही. समाजवादी विचारांच्या पक्षाने घडविलेल्या स्वीडनमध्येही १९३५ ते १९७५ या काळात सुमारे ६३ हजार निर्बीजीकरणे झाली, आणि त्यांतील अनेक दबावाखाली. आणीबाणीत १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा बनले नाही. योजना लोककल्याणाची असली तरी तिची सक्ती दुर्बळांच्याच देहावर होते.

सक्ती नसली तरी धोका टळत नाही. जनुकीय दोष ओळखण्यासाठी आलेली गर्भजलपरीक्षा या देशात मुलींचे गर्भ हेरण्यासाठी वापरली गेली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, त्याविरुद्ध कायदा केला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर उतरली. तेथे सरकारी हुकूम नव्हता. आईबापांची ‘निवड’ होती. विषम समाजात मुक्त निवडही विषमतेचेच हुकूम पाळते. उद्या रंग, उंची वा बुद्धी यांची निवड शक्य असल्याच्या जाहिराती झळकल्या, तर जातीच्या उतरंडीत वाढलेला समाज काय निवडील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणूनच रुग्णाच्या शरीरापुरते संपादन आणि पुढील पिढ्यांत उतरणारे गर्भपेशींचे संपादन यांत ठाम भेद केला पाहिजे. २०१८ मध्ये हे च्यानक्वे या चिनी संशोधकाने संपादित गर्भांपासून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले; पुढे त्यास तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. त्या मुलींची संमती कोणी घेतली होती? ती घेता येणेच शक्य नव्हते. भारतात असे संपादन वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरविले आहे. परंतु मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे संसदेचा कायदा नव्हे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. वारसाने उतरणाऱ्या संपादनावर कायद्याने बंदी हवी. जनुकीय माहितीवरून नोकरी, विमा वा शिक्षणात भेदभाव करण्यास मनाई हवी. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाच्या किमतीवर सार्वजनिक नियंत्रण हवे. आणि हे ठरविणाऱ्या समित्यांत डॉक्टर व अधिकारी यांच्या बरोबरीने सिकलसेलग्रस्त आदिवासींचे प्रतिनिधी हवेत. ज्यांच्या रक्ताची ही चर्चा आहे, ते तिच्यात केवळ नमुना म्हणून हजर राहणार असतील, तर विज्ञान कितीही पुढे गेले तरी न्याय जागच्या जागी राहील.