किरारीचा स्तंभ आणि संग्राहकाची वही

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात एक जुना लाकडी स्तंभ जतन करून ठेवलेला आहे. दगडी मूर्ती, शिलालेख आणि ताम्रपट पाहत येणारा प्रेक्षक त्याच्यापाशी थांबेलच असे नाही, कारण त्यावर वाचण्याजोगे फारच थोडे उरले आहे. तथापि संग्रहाच्या वेडाविषयी काही सांगावयाचे असल्यास त्याचा आरंभ या स्तंभापासून करणे उचित ठरेल.

किरारी हे गाव महानदीच्या खोऱ्यात चंद्रपूरजवळ आहे. हे चंद्रपूर छत्तीसगडातील, विदर्भातील चांदा नव्हे. १९२१ सालच्या उन्हाळ्यात तेथील हीराबांध नावाचा तलाव आटला. शेतात घालण्यासाठी गाळ काढीत असता गावकऱ्यांना हा स्तंभ सापडला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा ब्राह्मी लेख त्यावर कोरलेला होता. शेकडो वर्षे पाण्याखाली राहिल्यामुळेच लाकूड टिकले होते. ते बाहेर काढून उन्हात ठेवताच सुकू लागले, त्याच्या कपच्या सुटू लागल्या आणि कपच्यांबरोबर अक्षरेही गळून पडू लागली. अठरा शतके जे टिकले ते पाहता पाहता नाहीसे होण्याच्या बेतात आले.

अशा वेळी लक्ष्मीप्रसाद उपाध्याय या गावातील पंडितांनी कागद घेतला आणि समोर दिसतील तशी अक्षरे उतरून काढली. ती लिपी त्यांना वाचता येत नव्हती. जे कळत नाही ते अक्षराच्या वळणाकडे पाहून केवळ रेखाटीत जावयाचे, एवढेच त्यांनी केले. पुढे हीरानंद शास्त्री यांनी 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये हा लेख प्रसिद्ध केला, तो मुख्यतः या नकलेच्या आधारे. त्या लेखात राज्यातील अधिकाऱ्यांची नावे व पदे आहेत : नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, गणक, मुदपाकखान्याचा प्रमुख महानसिक, पत्रे पोहोचविणारा लेखहारक, गोधनावरील अधिकारी. प्राचीन छत्तीसगडातील राज्यकारभाराचे इतके जिवंत चित्र अन्यत्र क्वचितच मिळते. स्तंभ संग्रहालयात आहे. परंतु लेख वाचला तो एका माणसाच्या कागदावरील रेघोट्यांनी.

संग्राहकाला या घटनेतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वस्तू हाती असणे आणि वस्तूची हकीकत हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. संग्राहकाचे वेड बहुधा पहिलीच्या मागे धावते. दुसरीकडे लक्ष जाते ते थोड्यांचेच.

मराठीत या वृत्तीसाठी तीन शब्द आहेत आणि त्यांत चढती भाजणी आहे. छंद फावल्या वेळेपुरता असतो. नाद लागला की तो कामाच्या वेळेतही शिरतो. वेड मात्र वेळ, पैसा आणि घरच्यांची सहनशीलता या तिहींचा हिशेब ठेवीत नाही. नाण्यांच्या संग्राहकाला जवळच्या शंभर नाण्यांपेक्षा न मिळालेले एकशे एकावे नाणे अधिक प्रिय असते. ते मिळाले म्हणजे तृप्ती व्हावी. पण होते उलटेच. त्या नाण्याने मालिकेतील आणखी दोन रिकाम्या जागा दाखवून दिलेल्या असतात. या वेडाला तुच्छ लेखण्याचे मात्र कारण नाही. हान्स स्लोन या वैद्याने आयुष्यभर जमविलेल्या सुमारे ७१,००० वस्तूंतून १७५३ साली ब्रिटिश म्युझियम उभे राहिले. जगातील बहुतेक मोठी संग्रहालये प्रथम कोणाच्या तरी घरातील अडगळ होती.

रायपूरचे संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. १८७५ साली राजनांदगाव संस्थानचे महंत घासीदास यांच्या देणगीतून ते स्थापन झाले. सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास यांच्याशी नामसादृश्यामुळे त्यांची गल्लत केली जाते. परंतु ह्या दोन व्यक्ती भिन्न होत. राजनांदगावचे राज्यकर्ते बैरागी महंतांच्या परंपरेतील होते. संग्रहालयाची पहिली इमारत अष्टकोनी होती. पुढे राणी ज्योतिदेवी व त्यांचे पुत्र राजा दिग्विजयदास यांच्या साहाय्याने नवी वास्तू झाली व १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. संग्रहालय स्थापन झाले तेव्हा रायपूर नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होते. १९५६ साली ते मध्यप्रदेशाच्या नव्या रचनेत गेले आणि २००० साली छत्तीसगडची राजधानी झाले. राज्ये बदलली, वस्तू जागच्या जागी राहिल्या. खाजगी संग्रहाला असे आयुष्य सहसा लाभत नाही.

याच प्रदेशात महानदीकाठच्या बालपूर गावी पंडित लोचनप्रसाद पांडेय (१८८७–१९५९) होऊन गेले. ते हिंदी कवी होते. छायावादी काव्याचे एक आद्य कवी मुकुटधर पांडेय हे त्यांचे धाकटे बंधू. लोचनप्रसादांना इतिहासाच्या साधनांचे वेड होते. ताम्रपट, नाणी, शिलालेख, हस्तलिखिते यांचा त्यांनी आयुष्यभर मागोवा घेतला आणि या कामासाठी महाकोशल इतिहास परिषदेची स्थापना केली.

ताम्रपट मिळविणे हे किती नाजूक काम आहे याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. नांगराच्या फाळाला लागलेला पत्रा शेतकरी घरी आणतो. त्यावरील अक्षरे देवाची किंवा पुरलेल्या धनाची असावीत या समजुतीने तो कधी देव्हाऱ्यात ठेवला जातो, कधी दडविला जातो, तर कधी तांबटाकडे जातो. या भागातील शरभपुरीय राजांचे दानपत्र बहुधा तीन पत्र्यांचे असते. पत्रे एका कडीत ओवलेले असतात आणि कडीवर गजलक्ष्मीची मुद्रा असते. कडी कापून मुद्रा एकाने व पत्रे दुसऱ्याने नेले, तर दोघांच्याही संग्रहात एकेका वस्तूची भर पडते. परंतु दानपत्र मात्र मोडते. तसेच तो पट कोणत्या गावच्या कोणत्या शेतात निघाला याची नोंद राहिली नाही, तर त्यात उल्लेखिलेले गाव नकाशावर शोधावे कोठे, हा प्रश्न अभ्यासकापुढे उभा राहतो.

लोचनप्रसादांचा मोठेपणा असा की, मिळालेले साधन त्यांनी पेटीत बंद करून ठेवले नाही. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हे त्या काळी प्राचीन लेखांचे अधिकारी अभ्यासक होते. मल्लार येथे सापडलेल्या महाशिवगुप्ताच्या ताम्रपटाचे संपादन 'एपिग्राफिया इंडिका'त मिराशी आणि पांडेय या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. स्वतः शिवभक्त असलेल्या या राजाने आपला मामा भास्करवर्मा याच्या विनंतीवरून बौद्ध भिक्षुसंघाला एक गाव दान दिले, ही गोष्ट त्या पत्र्यांवरून समजते. एकट्या संग्राहकाला पत्रा मिळाला असता, एकट्या पंडिताला लिपी येत होती. दोघे एकत्र आले तेव्हा इतिहासाचे एक पान उघडले.

याच महाशिवगुप्ताची राजधानी श्रीपूर, म्हणजे आजचे सिरपूर. तेथे १९३९ साली धातूच्या बौद्ध मूर्तींचा एक साठा सापडला. मध्ययुगीन भारतीय धातुशिल्पाचे ते अत्युत्कृष्ट नमुने मानले जातात. परंतु हा साठा एकत्र राहिला नाही. काही मूर्ती रायपूरच्या संग्रहालयात आल्या, काही निरनिराळ्या हातांत गेल्या. त्यांतील चांदी व तांब्याचे जडावकाम असलेली तारादेवीची मूर्ती नसली व ॲलिस हीरामानेक यांच्या संग्रहातून अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात गेली. मूळ साठ्यात मूर्ती किती होत्या याविषयी अभ्यासकांनी दिलेले आकडे जुळत नाहीत. आधी यादी, मग वाटणी, एवढा साधा क्रम पाळला गेला असता तर हा प्रश्नच उरला नसता. पुढे १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सिरपूर येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि आनंदप्रभ कुटी विहारासह बौद्ध वास्तू उजेडात आणल्या. दीक्षित हे प्राचीन मण्यांचे व काचेचे नामांकित अभ्यासक होते. मणी ही मातीत सहज हरवणारी, सामान्य संग्राहकाला क्षुल्लक वाटणारी वस्तू. पण ती कोणत्या थरात मिळाली हे लिहून ठेवले, तर तोच मणी काळाचा साक्षीदार होतो.

क्षुल्लक वस्तूंच्या वेडाचे मराठी मुलखातील सर्वांत मोठे उदाहरण पुण्याचे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्या काळी संग्राहकांची दृष्टी नाण्यांवर, शस्त्रांवर, चित्रांवर असे. केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, पाय घासण्याच्या वज्री, वाद्ये, कोरीव दरवाजे आणि स्वयंपाकघरातील भांडी गोळा केली. वाडे मोडले जात होते, पितळेचे नग वजनावर विकले जात होते. त्या मोडीतून त्यांनी गृहिणीचे आणि कारागिराचे जग वाचविले. या उद्योगात पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने होत्या. राजा हा त्यांचा मुलगा सातव्या वर्षी निवर्तला. संग्रहाला त्याचे नाव दिले गेले आणि 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' असे ते झाले. ज्या वेडाने माणूस घरातील माणसांपासून दुरावतो असे म्हणतात, त्याच वेडाने येथे गेलेल्या मुलाला घरात ठेवले. तरीही केळकरांनी वीस हजारांच्या घरात गेलेला तो संग्रह आपल्या हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. गोळा करण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला सोडून देणे किती जड जात असेल, हे संग्राहकालाच कळेल.

या साऱ्या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. संग्रहाची खरी परीक्षा वस्तू मिळविताना होत नाही. ती संग्राहक डोळे मिटतो त्यानंतर होते. त्याला प्रत्येक वस्तूचा जन्म पाठ असतो : ही कोठे मिळाली, कोणाच्या घरची, काय देऊन घेतली. पाठ असते म्हणूनच तो लिहीत नाही. त्याच्याबरोबर ती स्मृती जाते आणि मागे राहतात त्या मुक्या वस्तू. मुलांना त्या सांभाळता येत नाहीत, टाकता येत नाहीत. अखेर तांबे तांब्याच्या भावाने आणि चांदी चांदीच्या भावाने जाते, व सोनाराच्या मुशीत पडलेली वस्तू कोणत्याही संग्रहालयाला परत मिळत नाही.

कायद्याने यावर काही उपाय योजले आहेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे भूमिगत धन सापडल्यास, त्याचे मोल दहा रुपयांहून अधिक असेल तर, सरकारला कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमान्वये, जो १९७६ पासून अमलात आला, ठरावीक प्रकारच्या प्राचीन वस्तूंची नोंदणी मालकाने करावयाची असते. पुष्कळ संग्राहक नोंदणीला भितात. वस्तू हिरावून नेली जाईल असे त्यांना वाटते. वस्तुतः नोंदणीने मालकी जात नाही. चोरी झाली असता वस्तू ओळखण्याचा तो एक भरवशाचा आधार आहे.

परंतु कायदा येईल तो मोठ्या वस्तूंपाशी. घरातील आजीची चांदीच्या रुपयांची माळ, पणजोबांची दौत, जुन्या पत्रांचा गठ्ठा यांची नोंद कोणतेही कार्यालय घेणार नाही. ती घरच्या माणसानेच घ्यावयाची आहे. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. एक वही पुरते. वस्तूचे वर्णन, माप, ती कोणाकडून, कोठून व केव्हा आली, आणि पुढे ती कोणाला द्यावयाची, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. अर्थ लागत नसेल तर न लावता लिहावे. किरारीच्या पंडितांनाही अर्थ लागला नव्हता. त्यांच्यासमोर लाकूड सुकत होते, अक्षरे गळत होती, आणि ते पुढचे अक्षर उतरून घेत होते.