कारखान्याच्या खड्ड्याला कठडा, आपल्या विहिरीला का नाही?



जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. कारखान्यात खड्डा असेल तर त्यावर झाकण किंवा भोवती कठडा हवा, उंचावर काम असेल तर माणूस पडू नये अशी सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम ३२ आणि ३३ मध्ये सांगितले. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा आला, त्याने दहा मजुरांची अट घातली. आपल्या विहिरीवर असतात पाच-सहा माणसे. म्हणजे पन्नास फूट खाली उतरणारा गडी कुठल्याच वहीत बसला नाही.

विहिरी खोल का गेल्या, ते तुम्हाला सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ पाहिला. २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा काळ्या पाषाणात आणखी दोन परस खाली गेलो. पण उतरणारा गडी आजही यारीच्या बादलीत बसून उतरतो. वायररोप तुटला तर पन्नास फुटांचा तळ दोन सेकंदांच्या आत येतो, ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने.

गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत उंचावरून पडून मेलेल्याच्या वारसाला दोन लाखांची तरतूद आहे. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. विहिरीत उतरणारा बहुतेक वेळा भूमिहीन. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या बायकोपोरांनी कुठे जायचे?

यासाठी आणखी एक इन्स्पेक्टर बांधावर आणा, असे आम्ही म्हणत नाही. घामाचे दाम मागणारे आपण. आपल्या विहिरीत सांडणाऱ्या घामाची जबाबदारीही आपलीच.

म्हणून चार गोष्टी. माणसे आणि दगड एका बादलीतून न्यायचे नाहीत. उतरणाऱ्याला छाती-मांड्यांना बांधायचा पूर्ण पट्टा द्यायचा. नुसत्या कमरेच्या दोराने झटक्यात मणका जातो. त्या पट्ट्याचा दुसरा दोर यारीला नव्हे, काठापासून दूर झाडाला किंवा पक्क्या खुंटाला बांधायचा. आणि काम संपले की काठावर छातीइतका कठडा. मोटार एकदा भरून आणायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात पट्टा येतो.

असा ठराव आम्ही आज मांडत आहोत. हात वर करण्याआधी नीट विचार करा. तो सरकारने नाही, आपण पाळायचा आहे.