चित्रातले आभाळ

आषाढात ताम्हिणीच्या घाटात उभ्या राहिलेल्या माणसाला आभाळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ढग तिथे डोक्यावरून नव्हे, अंगावरून जातात. आजच्या चित्रात असेच एक आभाळ आहे. चित्र मात्र दूरचे, हॉलंडचे. याकोब फान राउसडाल या चित्रकाराने ते १६५५ च्या सुमारास काढले; नाव ‘यहुदी दफनभूमी’. हा विषय त्याने दोनदा रंगवला. एक चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे, दुसरे अमेरिकेत डेट्रॉइटला.

समोर थडगी, त्यांतल्या एकावर पांढरा उजेड. मागे पडकी वास्तू, काळे ढग, वठलेले झाड आणि थडग्यांजवळून खळखळणारा ओढा. ढगांत इंद्रधनुष्य. पाहताक्षणी मन उदास होते, पण नुसते उदास नव्हे.

आता गंमत बघा. थडगी खरी आहेत; आम्स्टरडॅमजवळ औडरकेर्क गावी ती आजही पाहता येतात. पण तिथली जमीन ताटासारखी सपाट! ना डोंगर, ना ती पडकी वास्तू, ना तो ओढा. हे सारे चित्रकाराने आणून बसवले. माणसाने बांधलेले पडते, झाड वठते, पाणी मात्र वाहत राहते. आणि बायबल वाचणाऱ्या डच माणसाला इंद्रधनुष्य म्हणजे महापुरानंतर देवाने दिलेले वचन. कोणी म्हणेल, हा अर्थ ओढूनताणून काढला. मला तसे वाटत नाही. नुसते सुंदर दृश्य हवे होते, तर ओढा थडग्यांपाशी कशाला आणला असता? जर्मन कवी गटे, आपल्या शाकुंतलाचे कौतुक करणारा तोच, त्याने १८१६ साली राउसडालवर लेख लिहिला तो त्याला कवी मानून.

आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी रंकाळा, कोटितीर्थ रंगवले. त्यांची रीत वेगळी. तिथे भाव उतरतो तो उजेडातून.

गुरुजींना एक विचारतो. शाळेत ‘निसर्गचित्र’ म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, एक झोपडी. ताम्हिणीच्या मुलानेही तेच गिरवायचे? त्याच्याजवळ मुळशीचे पाणी आहे. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले, तरी गावे बुडालीच. ते पाणी निळ्या खडूने भरले की झाले? मुलाला आधी घरातल्या थोरांकडे पाठवा. कुठले गाव कुठे होते, ते विचारून येऊ द्या. मग कागद द्या, आणि पाण्याचा रंग त्याचा त्याला ठरवू द्या.