शाळेच्या अंगणांतील सायकल

मनोरी हें गांव मुंबईच्याच हद्दींत मोडतें. तथापि मालाडकडून तेथें जावयाचें म्हणजे मार्वे येथें खाडी ओलांडावी लागते. फेरीबोटींत माणसांबरोबर सायकलीहि चढतात. खुष्कीचा रस्ता आहे, पण तो भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा घालून येतो. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला सायकल ही चैनीची वस्तु नव्हे.

ती शाळेंत पोहोंचल्यावर तिचें पुढें काय होतें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईवर सुमारें २००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. साखळीचें तेल धुऊन जातें, आणि खाऱ्या हवेंत लोखंड तर लवकरच गंजतें. चोरीचें भय वेगळेंच. कुलूप केवळ चाकाला असेल, तर सबंध सायकल उचलून नेतां येते. तिचा सांगाडाच जमिनींत रोवलेल्या लोखंडी कमानीला जखडला पाहिजे.

बिहार सरकारनें २००६ सालीं नववीच्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला, आणि माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या लक्षणीय वाढली. महाराष्ट्रांतहि मानव विकास कार्यक्रमांतून गरजू मुलींना सायकली मिळाल्या आहेत. पण सायकल द्यावयाची आणि छप्पर द्यावयाचें नाहीं, हें घोडा देऊन तबेला नाकारण्यासारखें आहे!

छप्पर कौलांचें असावें. पत्रा त्या हवेंत टिकत नाहीं. नैर्ऋत्येकडील बाजू बंद हवी, कारण पाऊस तिकडूनच आडवा येतो. जागा फाटकाशीं, शिपायाच्या नजरेसमोर असावी. इमारतीमागील निर्जन कोपरा चोरालाच सोयीचा. जागा नाहीं, ही सबब नेहमींची. परंतु शिक्षकांची एक मोटार जेथें उभी राहते, तेथें आठ-दहा सायकली सहज मावतात.