मालक नसलेल्यांची संघटना



कामगार संघटनेवर बोलायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. गिरणीचा भोंगा, फाटकावर बावटा, आत मालक, बाहेर कामगार आणि उंचावर उभा राहून बोलणारा पुढारी. चित्र खोटे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली, तेव्हापासून आपल्याकडे संघटना म्हटली की बहुतेक हेच रूप दिसत आले. पण या चित्रात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. मालक कोण, हे सर्वांना ठाऊक असते. मागणी कोणापुढे ठेवायची, पगार कोणी वाढवायचा, टाळे कोणाच्या दाराला लागणार, याविषयी शंका नसते.

आज ज्या संघटनेविषयी मी बोलणार आहे, तिच्या सभासदांना मालकच नव्हता. त्यांना पगार देणारा कोणी नव्हता. त्यांनी काम थांबवले असते तर बुडाली असती ती त्यांचीच त्या दिवसाची भाकरी. ही संघटना म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ती १९९३ साली आपल्या पुण्यात स्थापन झाली. कचराकुंडीतून आणि उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक वेचून भंगाराच्या दुकानात विकणाऱ्या माणसांची ही संघटना आहे. माणसे म्हणतो खरा, पण त्यांत बहुसंख्य बायका आहेत, आणि त्याही बहुतेक दलित समाजातल्या. पुष्कळांची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याकडे निघाली ती इथल्या वस्त्यांत राहिली.

हा विषय कोथरूडच्या व्याख्यानमालेत का, असे कोणी विचारील. कोथरूडचा आणि कचऱ्याचा संबंध आपण आता विसरत चाललो आहोत. पौड रस्त्याच्या टोकाला शहराचा कचरा डेपो होता, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. वाऱ्याची दिशा बदलली की आठवण आपोआप होत असे. त्या जागेवर आता मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. २०२२ च्या मार्चमध्ये वनाजपासून गाडी सुरू झाली तेव्हा आपण हौसेने तिच्यात बसलो. डेपो गेला म्हणून कचरा गेला असे मात्र झाले नाही. तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांच्या उशाशी गेला, आणि त्या गावांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. आपल्या घरातून निघालेली वस्तू दुसऱ्याच्या विहिरीपर्यंत जाते, एवढे तरी त्यावरून कळायला हरकत नाही.

दुसरा संबंध अधिक मानाचा आहे. इथून हाकेच्या अंतरावर हिंगण्याच्या माळावर महर्षी कर्व्यांनी आपला आश्रम नेला आणि १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. पुढे त्याला नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. त्याच विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला निघाल्या. लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने ही त्यांतली दोन नावे. मुलांना अक्षरे शिकवायची तर मुले भेटली पाहिजेत. ती भेटतात कुंडीपाशी, आणि तिथे त्यांच्या शेजारी त्यांच्या आया असतात. पाटी-पेन्सिल घेऊन निघालेल्या या बाया हळूहळू त्या आयांबरोबर फिरू लागल्या. मग त्यांना दिसले की दिवसभर उकरून जो माल मिळतो तो ओला, चिखलाने माखलेला असतो. भंगारवाला त्याला भाव पाडून देतो. आणि हाच कागद घरातून कोरडा, वेगळा मिळाला तर कष्ट निम्मे होतील व पैसे अधिक येतील. इतकी साधी गोष्ट शहाण्यासुरत्या शहराला कोणी सांगितली नव्हती.

तेव्हा काही घरांतून वेगळा केलेला कचरा घेण्यासाठी तीसएक बायकांना ओळखपत्रे मिळवून दिली गेली. काम चालू लागले, आणि लगेच त्याच भागात एका उद्योजकाने यांत्रिक गाडी लावून घरोघरचा कचरा उचलण्याची योजना पुढे केली. इतके दिवस ज्याला हात लावायला कोणी तयार नव्हते, त्यात पैसा आहे असे दिसताच दावेदार निघाला. बायका आपल्या मुलाबाळांसह कुंड्यांना बिलगून बसल्या. हिमालयात बायकांनी झाडांना मिठी मारली हे आपण वर्तमानपत्रांत कौतुकाने वाचले होते. इथे मिठी कचराकुंडीला होती. तो उद्योजक माघारी गेला. पण एक माघारी गेला तरी दुसरा येणार, तीस बायकांची ओळखपत्रे त्याला पुरी पडणार नाहीत, हे त्या दिवशी ध्यानात आले.

१९९३ च्या मे महिन्यात पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. शेकडो बायका आल्या. तीतून पंचायत जन्मली, आणि तिला डॉ. बाबा आढाव यांचे नेतृत्व लाभले. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. बाबांनी १९५० च्या दशकात पुण्यात हमाल पंचायत उभी केली होती. हमालाचाही प्रश्न असाच होता. त्याच्या पाठीवर सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे, संध्याकाळी तिसऱ्याचे. मग त्याचा मालक कोणता? प्रत्येक व्यापारी म्हणणार, मी नव्हे. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कोड्याला उत्तर दिले. मालक विखुरलेला असला तरी तो आहे. सगळ्यांकडून लेव्ही घ्या, ती एका मंडळाकडे जमा करा आणि हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी तिथून द्या. आपल्या राज्याने देशाला दिलेल्या थोर कल्पनांत मी या कायद्याची गणना करतो. तिचा व्हावा तितका गौरव आपण करीत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता हाच विचार एक पाऊल पुढे न्या. कचरा वेचणाऱ्या बाईचा मालक कुठे विखुरला आहे? बाजारपेठेत नाही. तो या शहरातल्या लाखो घरांत विखुरला आहे. मी जेव्हा म्हणतो की या बायकांना मालक नव्हता, तेव्हा त्याचा खरा अर्थ असा, की मालक असूनही आपण ते कबूल करीत नव्हतो.

पंचायतीने पहिली मागणी पैशाची केली नाही. तिने मागितले ओळखपत्र. ज्याच्या खिशात दहा ओळखपत्रे आहेत त्याला याचे मोल चटकन कळणार नाही. पहाटे खांद्यावर गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईला कोणीही हटकावे, गोणी रस्त्यावर ओतायला लावावी, परिसरात चोरी झाली की पहिला संशय तिच्यावर घ्यावा, असा रिवाज होता. १९९५-९६ साली पुणे महानगरपालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रावर आपली मान्यता दिली. देशात असे करणारी ती पहिली नगरपालिका. 'कचरेवाली' हा शब्द मागे पडून 'कष्टकरी' हा शब्द तिच्या नावापुढे लागला. शब्दाने पोट भरत नाही हे खरे, पण पोलीस चौकीत तो शब्द असणे आणि नसणे यांत फार फरक पडतो.

मग पंचायतीने हिशेब मांडला. संघटनेच्या इतिहासात मला हे प्रकरण सर्वांत रोचक वाटते. कारण आपल्याकडे घोषणा पुष्कळ होतात, गणित क्वचित होते. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेसाठी झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की शहरातले कचरावेचक मिळून रोज सुमारे १४४ टन माल कचऱ्यातून बाजूला काढतात. तेवढा कचरा पालिकेला वाहून न्यावा लागत नाही. म्हणजे प्रत्येक बाई दरमहा सुमारे २४६ रुपयांचे श्रम पालिकेला फुकट देत होती. ज्या बाईला आपण शहरावरचा भार समजत होतो, ती शहराला वर्गणी देत होती! हा हिशेब पुढे ठेवल्यावर औषधपाण्याच्या विम्याची मागणी भीक राहिली नाही. ती थकबाकी झाली. २००२-०३ साली पालिकेने नोंदणी झालेल्या कचरावेचकांचा वैद्यकीय विमा उतरवला.

नेतृत्वाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण शंका इथेच घेतली जाते. डॉक्टर आणि प्राध्यापिका पुढे, निरक्षर बायका मागे, मग ही बायकांची संघटना कशी, असा आक्षेप मी ऐकला आहे. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. शिकलेल्या माणसाच्या हातात कागद असतो, आणि कागद ज्याच्या हातात त्याच्याकडे सत्ता सरकते. पंचायतीने यावर योजलेला उपाय असा, की वस्त्यावस्त्यांतून प्रतिनिधी निवडायच्या, त्यांची नियमाने बैठक घ्यायची आणि धोरणाचा निर्णय तिथे करायचा. अशा बैठकीला ठरावाची भाषा नसते. एकमेकींची उणीदुणी निघतात, कोणाची ठरलेली घरे कोणी पळवली याचे तंटे येतात, नवऱ्याच्या दारूचा विषय निघतो, मुलीचे लग्न इतक्या लहान वयात का करतेस म्हणून एखादीला जाब विचारला जातो. संघटनेची पतसंस्था झाली, स्वतःचे भंगार दुकान निघाले, आणि सावकार व भंगारवाला या दोघांच्या उचलीतून मान सोडवण्याची वाट दिसली. काटा आपल्या हातात असला की बाई वेगळ्या आवाजात बोलू लागते. शिकलेल्यांचे काम एवढेच, की पालिकेची इंग्रजी तिच्या भाषेत आणायची आणि तिचे म्हणणे पालिकेच्या भाषेत न्यायचे. हे काम हलके नाही, आणि ते संपतही नाही.

२००० सालच्या केंद्राच्या नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे नगरपालिकांवर बंधनकारक झाले. इथे दोन वाटा होत्या. मुंबईत कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेने कायम नोकरीचा मार्ग धरला, कोर्टकचेरी केली, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाकडून २७०० कामगारांना कायम करून घेतले. मोठा विजय होता तो. पुण्याच्या पंचायतीने सहकाराची वाट धरली. कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा पालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. बाई दारावर येईल, ओला-सुका कचरा घेईल, घर दरमहा ठरावीक शुल्क देईल, सुक्या मालावर हक्क तिचा. उकिरडा उपसणारी बाई सेवा देणारी झाली. तिला पालिकेची नोकरी मात्र मिळाली नाही. निवृत्तिवेतन नाही, पगारी रजा नाही. या दोन वाटांत कोणती बरोबर, यावर कामगार चळवळीत वाद आहे आणि तो असावा. निरक्षर, उतारवयाच्या बाईला पालिकेच्या भरतीत जागा मिळाली असती का, हा पंचायतीचा प्रश्नही मला खरा वाटतो.

सहकाराच्या या वाटेत समाजाचा सहभाग शोभेचा राहत नाही. सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. गिरणीतला पगार जनतेच्या सद्भावनेवर अवलंबून नव्हता. इथे मात्र तुम्ही सुका कचरा खरकट्यात कालवलात की बाईच्या मिळकतीतून तेवढी रक्कम त्याच क्षणी गेली. फुटलेली काच उघडी टाकलीत तर हात तिचा कापला. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे टाकले जातात, ते या बायकांना हाताने वेगळे करावे लागतात. म्हणून कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम त्यांनी चालवली. त्याआधी २०१३ साली अशा पॅडांनी भरलेल्या पिशव्या त्यांनी थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. पुढे २०१६ च्या नियमांत उत्पादकांनी वेष्टन पुरवावे असे कलम आले. कचऱ्याचा मालक शोधत शोधत या बायका आपल्या दारापासून कारखान्याच्या दारापर्यंत पोचल्या, असे म्हणायला हरकत नाही.

याच कोथरूडातल्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेला मी बसलो होतो. वाहनतळाच्या फरशीचा लाखोंचा ठराव पाच मिनिटांत संमत झाला. नंतर कचऱ्याच्या मासिक शुल्कावर पाऊण तास चर्चा चालली. एक सभासद म्हणाले, "घरपट्टी भरतो ना आम्ही, मग हे वेगळे कशाला?" दुसऱ्यांचे म्हणणे, बाई भंगार विकतेच, तिला आणखी पैसे का? हे दोन्ही प्रश्न मी थट्टेवारी नेणार नाही. पण पाऊण तासात कोणी हे विचारले नाही, की ती रोज साठ-सत्तर घरांचा कचरा आवाराच्या कोणत्या कोपऱ्यात बसून निवडते, पावसात तिच्या डोक्यावर काही असते का, आणि हात धुवायला तिला नळ कोणता. ती बाई त्या वेळी फाटकाशी ढकलगाडी घेऊन उभी होती. तिला सभेला बोलवावे, असे कोणालाच सुचले नाही. माथाडी मंडळावर हमालांचे प्रतिनिधी बसतात. आपल्या सोसायट्यांच्या सभांत कचरावेचकांची खुर्ची अजून यायची आहे.

कराराचे सांगायचे राहिले. २०१३ साली पहिली मुदत संपली, पुढचा करार व्हायला २०१६ उजाडले. मधली वर्षे टांगणीवर गेली. २०२० साली टाळेबंदीत आपण दारे लावून बसलो होतो तेव्हा या बायका गाड्या ढकलीत होत्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या कराराची मुदत पुन्हा संपली. खाजगी ठेकेदाराच्या गाड्या लावाव्यात अशी भाषा सुरू झाली. बायका तेव्हा मोर्चे काढून थांबल्या नाहीत. ज्या घरांचा कचरा त्या उचलीत होत्या, त्या घरांच्या दारावर जाऊन त्यांनी पाठिंबा मागितला. कित्येक घरांत बेल वाजल्यावर प्रथमच तिचे नाव विचारले गेले असेल. काहींनी लिहून दिले, काहींनी दार लावून घेतले. काम चालू राहिले. अशा कराराला दर खेपेस मुदत असते आणि ती संपायला आली की महापालिकेत हाच प्रश्न नव्याने निघतो: ढकलगाडी की मोटारगाडी? माझे मत मी लपवलेले नाही. ज्यांचे मत मोटारगाडीकडे आहे, त्यांनी कृपा करून आता प्रश्नोत्तरांत उठून बोलावे. आपल्या सभागृहात आज पंचायतीच्या काही भगिनीही मागच्या रांगेत बसल्या आहेत. पहिले उत्तर त्यांनी द्यावे, अशी मी अध्यक्षांना विनंती करतो.